‘बिटे’ तीनदा लिहून जर्मन पत्र नम्र होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मन भाषेच्या गोएथे बी २ परीक्षेच्या लेखन विभागात १०० पैकी ५४ गुण आले, उत्तीर्ण व्हायला ६० लागतात. पहिल्या भागातलं मतप्रदर्शन बरं गेलं होतं. दुसऱ्या भागातला वरिष्ठांना लिहायचा औपचारिक संदेश मात्र, व्याकरणाच्या मोठ्या चुका नसूनही, ‘अयोग्य’ ठरला असं शिकवणीच्या सरांनी सांगितलं. त्या संदेशाचा सराव-मसुदा सोबत दिला आहे. नम्रपणे लिहिलं होतं, मग चुकलं काय?

मसुदा वाचला. नम्रता भरपूर आहे, फक्त ती मराठी नम्रता आहे. मी वीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवते आणि हा मसुदा दर तुकडीत कोणीतरी लिहितंच, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

एक सोय आधी सांगते. इथे जर्मन वाक्यं मी देवनागरीत लिहिणार आहे. परीक्षेत अर्थातच रोमन लिपी, पण ही वाक्यं आधी कानात बसावीत असा माझा हट्ट असतो. मोठं अक्षर, काही स्वरांवर येणारी दोन टिंबं वगैरे जिथे महत्त्वाचं आहे तिथे शब्दांत सांगेन.

तुम्ही घेतलेली परिस्थिती अशी: श्टुटगार्टमधल्या कंपनीत तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात. गुरुवारी सकाळी दहाला सादरीकरण आहे, पण त्याच वेळी आउसलेंडरबेह्योर्डेने, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने, बोलावलं आहे. वरिष्ठ फ्राउ (म्हणजे श्रीमती) वेबर यांना लिहायचं. चार मुद्दे: अडचण सांगा, समजून घेण्याची विनंती करा, पर्याय सुचवा, त्यांचं मत विचारा.

आणि तुमचा मसुदा असा (‘बिटे’ म्हणजे ‘कृपया’; थोडक्यात अर्थ: कशा आहात, गुरुवारी येऊ शकत नाही, कृपया माफ करा, कृपया दुसरी वेळ द्या, सादरीकरण मला शुक्रवारी करायचंय, उत्तराची वाट बघते):

‘लीबे रेस्पेक्टीर्टे फ्राउ मारिया! वी गेट एस ईनेन? इश होफे, एस गेट ईनेन गूट. इश कान अम डोनर्सटाग निश्ट कोमेन. बिटे बिटे एन्टशुल्डिगेन झी मिश. बिटे गेबेन झी मिर आयनेन आन्डेरेन टेर्मीन. इश विल डी प्रेझेन्टात्सिओन अम फ्रायटाग माखेन. इश वार्टे आउफ ईरे आन्टवोर्ट. फीलेन फीलेन डांक. ईरे गेहोर्झामे श्टुडेन्टिन.’

शेवटापासून सुरुवात करते, कारण तिथे मला हसू आलं. ‘गेहोर्झाम’ म्हणजे आज्ञाधारक. ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ हे शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिताना ठीक होतं. आजच्या जर्मनमध्ये हा शब्द शिकवलेल्या कुत्र्याला लावतात, फार तर सैनिकाला. फ्राउ वेबर तो वाचून बुचकळ्यात पडतील. शेवट एकच आहे, मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्युसेन, आणि त्यापुढे स्वल्पविराम नाही. खालच्या ओळीत नाव. तीन आद्याक्षरांचा संक्षेप करू नका, तो घाईचा आणि तुटक दिसतो. ‘ग्र्युसेन’मधलं ते विशिष्ट अक्षर रोमन ‘बी’सारखं काढू नका, हस्तलिखितात हे फार होतं. नाही जमलं तर दोनदा ‘एस’ लिहा. स्वित्झर्लंडमध्ये सगळा देश तसंच लिहितो.

आता वरची ओळ. ‘रेस्पेक्टीर्टे’ हा ‘रिस्पेक्टेड मॅडम’चा अवतार आहे आणि जर्मन पत्रात तो चालत नाही. त्याची गरजही नाही. ‘झेर गेएर्टे’ यातल्या ‘गेएर्ट’चा अर्थच ‘सन्मानित’, आणि ‘झेर’ म्हणजे ‘अत्यंत’. मान तिथेच देऊन झाला. बाईंना ‘झेर गेएर्टे फ्राउ वेबर’, पुरुषांना ‘झेर गेएर्टर हेर वेबर’, नाव माहीत नसेल तर ‘झेर गेएर्टे डामेन उंड हेरेन’. ‘फ्राउ’नंतर नेहमी आडनाव. आपल्याकडे ‘सुनीता मॅडम’ आणि ‘जोशी सर’ दोन्ही चालतात, म्हणून हात आपोआप ‘फ्राउ मारिया’ लिहितो. जर्मन कानाला ते लहान मुलाने बालवाडीच्या बाईंना मारलेल्या हाकेसारखं वाटतं. विवाहित-अविवाहित हा भेद नाही. ‘फ्रॉयलाइन’, म्हणजे ‘कुमारी’, हा शब्द सरकारी व्यवहारातून १९७२ मध्येच गेला, तरी जुन्या पुस्तकांच्या कृपेने तो अजून माझ्याकडे तपासायला येतो.

यातला एक सापळा प्रश्नपत्रिकाच लावते. सूचनेत लिहिलेलं असतं, ‘हेर्न वेबर यांना लिहा’. तिथे विभक्तीमुळे ‘हेर’चं ‘हेर्न’ झालेलं असतं. विद्यार्थी तेच उचलून ‘झेर गेएर्टर हेर्न’ लिहितात आणि पहिल्याच ओळीत चूक होते. संबोधनात ‘हेर’च.

संबोधनानंतर आज स्वल्पविराम देतात, उद्गारचिन्ह जुनं झालं. आणि स्वल्पविरामानंतरच्या नव्या ओळीतला पहिला शब्द, तो नाम किंवा मानार्थी सर्वनाम नसेल तर, लहान अक्षराने. संगणकावर लिहिताना सवयीने मोठं अक्षर पडतं, तिकडे लक्ष ठेवा. याउलट ‘झी’, ‘ईनेन’, ‘ईर’ ही मानार्थी रूपं कायम मोठ्या अक्षराने. लहान लिहिलंत तर ‘झी’चा अर्थ ‘ती’ किंवा ‘ते सगळे’ होतो, म्हणजे वरिष्ठांशी बोलता बोलता तुम्ही शेजारच्या कुणाबद्दल तरी बोलू लागता.

‘वी गेट एस ईनेन’, म्हणजे ‘कशा आहात’, हे काढून टाका. मैत्रिणीच्या पत्रात ते हवंच, वरिष्ठांना नको. आपल्याकडे आल्या आल्या कामाचं बोलणं उद्धटपणाचं, आधी चहा, मग घरचं, मग काम. जर्मन कार्यालयात दुसऱ्याचा वेळ घेणं हाच उद्धटपणा. तुम्ही नम्र व्हायला म्हणून घातलेली दोन वाक्यं त्यांना अडवून धरल्यासारखी वाटतात, आणि शंभर शब्दांतले दहा तिथेच जातात.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. तुमच्या मसुद्यात ‘बिटे’ तीनदा आहे, पण विनंती एकही नाही. ‘बिटे गेबेन झी मिर’ म्हणजे ‘कृपया मला द्या’. ही आज्ञाच आहे, पुढे ‘कृपया’ची पाटी लावलेली, ‘कृपया रांगेत उभे राहा’ असते तशी. फॉर्मवर किंवा नोटीशीत चालेल, पण वरिष्ठांना सादरीकरणाची वेळ बदलायला सांगताना नाही. ‘इश विल’ त्याहून वाईट: ‘मला शुक्रवारीच करायचंय.’

जर्मन भाषेत सौजन्य क्रियापदाच्या रूपात बसतं. त्या रूपाचं नाव कोन्युंक्टिफ दोन. नाव ऐकून लोक घाबरतात, पण मराठी माणसाला ते घरचंच आहे. किराण्याच्या दुकानात आपण काय म्हणतो? ‘अर्धा किलो साखर हवी होती.’ साखर आत्ता हवी आहे, काल नव्हे, तरी आपण ‘होती’ म्हणतो, कारण ‘हवी आहे’ जरा अंगावर येतं. ‘सर, एक विचारायचं होतं’ तसंच. भूतकाळात एक पाऊल मागे सरून आपण मागणी मऊ करतो. जर्मन माणूस तंतोतंत हेच करतो: ‘हाट्टे’ म्हणजे ‘होतं’, त्यावर दोन टिंबं दिली की ‘हेट्टे’, आणि ‘इश हेट्टे गेर्न आयन हाल्बेस किलो त्सुकर’ म्हणजे आपली तीच अर्धा किलो साखर.

तेव्हा ‘करू शकता का’ म्हणायला ‘क्योनेन झी’ऐवजी ‘क्योन्टेन झी’, ‘शक्य आहे का’ म्हणायला ‘इस्ट एस म्योग्लिश’ऐवजी ‘वेअरे एस म्योग्लिश’, ‘मला हवंय’ म्हणायला ‘इश विल’ऐवजी ‘इश म्योश्टे’ किंवा ‘इश व्युर्डे गेर्न’. ही चार रूपं हातात बसली की परीक्षेपुरतं काम झालं. बाकीच्या क्रियापदांचे कोन्युंक्टिफचे तक्ते पाठ करत बसू नका, ‘व्युर्डे’ सगळ्यांना पुरतो.

पण ती टिंबं! ‘क्योन्टेन’वरची टिंबं राहिली की ते ‘कोन्टेन’ होतं, आणि ‘फॉर्म पाठवाल का’ऐवजी ‘फॉर्म पाठवायला जमलं का तुम्हाला?’ असा अर्थ निघतो. थेट जाब विचारल्यासारखा. ‘म्योश्टे’वरची राहिली तर ‘मोख्टे’, म्हणजे ‘मला अपॉइंटमेंट हवी होती’ऐवजी ‘मला अपॉइंटमेंट आवडायची’. तपासनीस त्याकडे शुद्धलेखनाची चूक म्हणून बघेल की रूपच चुकलं म्हणून, याचा जुगार कशाला खेळायचा? मी विद्यार्थ्यांना सांगते, शेवटची तीन मिनिटं फक्त टिंबांसाठी ठेवा. वाक्य बदलू नका, अर्थ बघू नका, फक्त टिंबं.

‘एन्टशुल्डिगेन’वरून एक गमतीचा वाद आहे. ‘इश एन्टशुल्डिगे मिश’ याचा शब्दशः अर्थ ‘मी स्वतःला माफ करते’, म्हणून काही जुने जाणते नाक मुरडतात आणि ‘इश बिटे उम एन्टशुल्डिगुंग’ म्हणा सांगतात. परीक्षेत दोन्ही चालतं. ते एकदाच म्हणा, एवढंच. तुमच्या प्रसंगात चूक तुमची नाहीच. सरकारी बोलावणं आलं आहे. तिथे दोनदा गयावया केली की फ्राउ वेबरना वाटेल, अजून काहीतरी लपवते आहे ही मुलगी. इथे ‘बिटे झी उम फेरश्टेन्टनिस’ म्हणजे ‘आपण समजून घ्यावं’ हे नेमकं बसतं, आणि प्रश्नपत्रिकेनेही तेच मागितलं आहे.

‘इश वार्टे आउफ ईरे आन्टवोर्ट’ हे ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत’चं भाषांतर आहे. मराठीत ते शालीन वाटतं. जर्मनमध्ये मात्र कोणीतरी दारात उभं राहून घड्याळ बघतंय असं वाटतं. त्याऐवजी ‘युबर आयने कुर्त्से र्‍युकमेल्डुंग व्युर्डे इश मिश फ्रॉयेन’, छोटंसं उत्तर मिळालं तर आनंद होईल. पुन्हा तेच ‘व्युर्डे’.

तुमचाच संदेश मी असा लिहिला असता (थोडक्यात अर्थ: दुर्दैवाने गुरुवारी त्या कार्यालयात जायचं आहे, ती वेळ कालच कळली आणि बदलता येत नाही, समजून घ्यावं; सादरीकरण शुक्रवारी करता येईल का, नाही तर सहकारी हेर कुर्त्स माझा भाग करतील; कोणता पर्याय बरा ते कळवाल का):

‘झेर गेएर्टे फ्राउ वेबर,

लायडर कान इश अम डोनर्सटाग उम त्सेन ऊर निश्ट आन डेर प्रेझेन्टात्सिओन टायलनेमेन, डा इश आन डीझेम फोरमिटाग आयनेन टेर्मीन बाय डेर आउसलेंडरबेह्योर्डे हाबे. डीझेन टेर्मीन हाबे इश एर्स्ट गेस्टर्न बेकोमेन, उंड एर लेस्ट झिश निश्ट फेरशीबेन. इश वायस, डास डास झेर कुर्त्सफ्रिस्टिश इस्ट, उंड बिटे झी उम फेरश्टेन्टनिस.

वेअरे एस म्योग्लिश, डी प्रेझेन्टात्सिओन आउफ फ्रायटाग त्सू फेरलेगेन? इश हेट्टे डेन गान्त्सेन टाग त्सायट. फाल्स डास निश्ट गेट, क्योन्टे मायन कोलेगे हेर कुर्त्स मायनेन टायल युबरनेमेन. डी फोलिएन शिके इश ईम गेर्न शोन मोर्गेन.

क्योन्टेन झी मिर बिटे कुर्त्स मिटटायलेन, वेल्शे ल्योझुंग ईनेन लीबर इस्ट?

फीलेन डांक इम फोराउस.

मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्युसेन’

मोजलं तर शंभराच्या जरा पुढे. मागणी सुमारे शंभर शब्दांचीच असते. ‘बिटे’ हा सौजन्याचा शब्द यात एकदाच आला आहे, तोही ‘क्योन्टेन झी’च्या सोबतीला (‘बिटे झी उम’मधलं क्रियापद वेगळं). पहिला शब्द ‘लायडर’, म्हणजे ‘दुर्दैवाने’: वाईट बातमी येतेय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं, तिला चार ओळी थांबावं लागत नाही. कारण एका वाक्यात आणि पडताळता येईल असं. ‘काही घरगुती अडचणीमुळे’ हे आपलं लाडकं वाक्य तिकडे पोकळ वाटतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसरा परिच्छेद. दोन पर्याय, दोन्ही तयार, फ्राउ वेबरनी फक्त ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ म्हणायचं. तिकडच्या कार्यालयात ज्याला सभ्य माणूस म्हणतात तो असा, समोरच्याचं डोकं न खाणारा. तुमच्या मसुद्यात ‘दुसरी वेळ द्या’ होतं, म्हणजे शोधाशोधीचं काम तुम्ही वरिष्ठांवर ढकललंत.

‘डा इश … हाबे’ आणि ‘वेल्शे … इस्ट’ यांकडेही बघा. अशा उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीतून जर्मन शिकणारे इथे अडखळतात. तुम्ही मराठीतून विचार केलात तर अडखळणार नाही. ‘वायल इश अम फ्रायटाग त्सुम आर्त्स्ट गेएन मुस’: कारण, मला, शुक्रवारी, डॉक्टरकडे, जायला, हवं. एकेक शब्द जागच्या जागी. वर्गात हे दाखवलं की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा मान वर करतो. तरीही आपण जर्मन लिहिताना आधी इंग्रजीत वाक्य रचतो आणि मग क्रियापद ओढत ओढत शेवटी नेतो. गरज नाही.

गुणांचा हिशेब. तपासणी चार अंगांनी होते: काम पूर्ण केलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती आणि वाक्यरचना. संबोधनाचा बाज म्हणजे औपचारिक-अनौपचारिक हे पहिल्या अंगात मोजलं जातं, आणि ते पहिलं अंगच शून्य ठरलं तर त्या भागाला एकूण शून्य. म्हणून व्याकरण बरं असूनही तुमचे गुण गळले. चार मुद्द्यांपैकी एक सुटणं हे दोन विभक्ती चुकण्यापेक्षा महाग पडतं. मुद्दे प्रश्नपत्रिकेवरच खुणा करत संपवा.

वेळेबद्दल माझं मत बऱ्याच शिक्षकांना पटत नाही. लेखनाला ७५ मिनिटं असतात, त्यांतली साधारण ५० पहिल्या भागाच्या दीडशे शब्दांसाठी आणि २५ या संदेशासाठी असं गृहीत आहे. मी सांगते, संदेश आधी लिहा. पहिल्या भागाचे ६० गुण आहेत, इकडे ४०, म्हणून सगळे तिकडे धावतात. मग मत मांडता मांडता साठ मिनिटं जातात आणि हा संदेश धापा टाकत लिहिला जातो. संदेशाचा साचा ठरलेला असल्याने ताज्या डोक्याने तो वीस मिनिटांत होतो, आणि ४० गुण खिशात घालून पुढे जाता येतं.

साचा म्हटलं म्हणून सावध करते. पाठ केलेली वाक्यं चिकटवू नका. ‘हीरमिट म्योश्टे इश ईनेन मिटटायलेन, डास’ म्हणजे ‘याद्वारे आपणांस कळविण्यात येते की’ ही सुरुवात बाजारातल्या प्रत्येक टिपणात सापडते. चूक नाही, पण सुट्टी मागणाऱ्या प्रशिक्षणार्थीच्या तोंडी ती तलाठी कार्यालयातल्या नोटीशीसारखी वाटते. सुरुवात, शेवट आणि ती चार रूपं पाठ असावीत. मधला मजकूर त्या दिवशीच्या प्रसंगाचाच हवा.

‘डू’ (तू) की ‘झी’ (आपण)? जर्मनीतल्या पुष्कळ कंपन्यांत आता साहेबालाही ‘डू’ म्हणतात, हे तुमच्या तिकडच्या मैत्रिणीने सांगितलं असेल आणि ते खरं आहे. परीक्षेत मात्र प्रश्नपत्रिका सांगेल तसं. ‘फ्राउ वेबर’ दिसलं की ‘झी’, ‘तुमची सहकारी मारिया’ दिसलं की ‘लीबे मारिया’ आणि ‘डू’. एकदा धरलेलं सोडायचं नाही. ‘क्योन्टेन झी मिर’ने सुरू करून शेवटी ‘डांके डिर’ (तुझे आभार) लिहिणारे दरवर्षी भेटतात.

तुमच्या धाकट्या बहिणीची बी १, म्हणजे एक पायरी खालची परीक्षा, आहे असंही लिहिलंय. तिथे हाच प्रकार तिसऱ्या भागात, सुमारे ४० शब्दांत. संबोधन, ‘लायडर’चं वाक्य, ‘वायल’ने कारण, ‘क्योन्टेन’ किंवा ‘वेअरे’चा एक प्रश्न, शेवट. पाच वाक्यं, बस. मात्र निम्म्याहून कमी शब्द झाले तर गुणच मिळत नाहीत, त्यामुळे अति आटोपशीरही नको. ए २ मध्ये ३० ते ४० शब्दांची मेल असते, तिथे ‘क्योन्टेन झी’ एकदा आलं तरी छान.

टेल्क या दुसऱ्या जर्मन परीक्षेच्या बी २ मध्ये तक्रारपत्र येऊ शकतं आणि तिथे आपली माणसं दोन टोकं गाठतात: एक तर पाया पडतात, नाही तर ‘ग्राहक मंचात खेचीन’च्या सुरात लिहितात. तक्रारीतही तीच चार रूपं वापरायची, फक्त आकडे नेमके द्यायचे: कधी मागवलं, काय आलं, किती पैसे परत हवेत, कोणत्या तारखेपर्यंत. जर्मन वाचणाऱ्याला राग कळतो तो तारखेतून, उद्गारचिन्हातून नाही.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून माझ्याकडे परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर असे विद्यार्थीही येऊ लागले. ते या भागात पदवीधरांपेक्षा सरस ठरतात, हे मी मुद्दाम सांगते. त्यांना सुपरवायझरला ‘उद्या येत नाही, बदली अमका येईल, चालेल ना?’ असं दोन ओळींत कळवायची सवय असते. त्यांना फक्त टिंबं शिकवावी लागतात.

आता हाच मसुदा नव्याने लिहा, पण माझी वाक्यं न उतरवता. प्रसंग बदला: घरमालकाला कळवायचं आहे की नळ गळतोय आणि प्लंबर येईल त्या दिवशी तुम्ही कामावर असाल. लिहून झालं की ‘बिटे’ मोजा, टिंबं मोजा. आणि ‘आगाऊ आभार’ मानताना येणाऱ्या ‘फोराउस’मध्ये ‘आर’ एकच असतो, दोन नाही. तुमच्या मसुद्यात हा शब्द नव्हता, पण पुढच्यात येईल आणि तुम्ही दोन लिहाल, मला माहीत आहे.